जयवंतचं चाक

मुलुंड (पूर्व)
१८ ऑगस्ट १९८५

सौ. सुगंधाताई परब यांना नमस्कार.

ओळखपाळख नसताना पत्र आलं म्हणून घाबरू नका. मी वसुलीवाला नाही आणि विमाएजंटही नाही. नाव नंदकिशोर टिपणीस, नोकरी बँकेत, आणि सध्याचं वेड सायकलचं.

माझ्याकडे लहान मुलांची एक जुनी सायकल आहे. मी शाळेत जायला लागलो तेव्हा वडिलांनी फोर्टातून आणलेली, इंग्लंडची बनावट. इतकी वर्षं माळ्यावर पडून होती. माझी माणिक दसऱ्याला सहा वर्षांची होईल. तिला ही सायकल चकाचक करून द्यायची असं मी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, बोलूनही बसलो. माणिकने ते सोसायटीतल्या सगळ्या मुलांना सांगितलं, आणि आता आख्खा मजला माझ्या हातांकडे बघतोय.

सायकल खाली काढली तर उंदरांनी सीट फस्त केलेली. ते एक वेळ चालेल. पण मागच्या चाकाची रिम इतकी गंजली आहे की दाबली तर पापडासारखी मोडते. चेन जिच्यावरून फिरते त्या पुढच्या दातेरी चक्राचेही निम्मे दात झिजलेत. माप विलायती, इथलं कुठलंच चाक त्यात बसत नाही. अंधेरी पाहिली, बोरिवली पाहिली, कुर्ल्यात तर एका दुकानदाराने मला चहा पाजून परत पाठवलं. सगळ्यांचं एकच, साहेब, नवी घ्या.

शेवटी तुमच्या विक्रोळी स्टेशनबाहेरचा दादू सायकलवाला भेटला. म्हणाला, "असली सेम टू सेम सायकल कन्नमवारनगरात परबबाईंकडे आहे ना. वर्षातून एकदा आणतात, हवा भरून, तेल देऊन नेतात. चालवत कोणीच नाय."

चालवत कोणी नाही हे ऐकून मी धीर केला. मागचं चाक आणि ते चक्र देता येईल का? तुम्ही सांगाल त्या रविवारी येईन. नाही म्हणालात तरी राग नाही, फक्त मला माणिकसमोर दुसरी काहीतरी थाप शोधावी लागेल.

आपला,
नंदकिशोर टिपणीस


२६ ऑगस्ट १९८५

सुगंधाताई,

काल तुमच्याकडून निघताना मी धड आभारही मानले नाहीत. एका हातात चाक, खांद्याला पिशवीत ते चक्र, आणि तुम्ही वर आणखी घावन बांधून दिलेले. जिना उतरून खाली आलो तेव्हा लक्षात आलं की मी 'येतो' एवढंसुद्धा म्हणालो नव्हतो.

येताना मी मनात घासाघीस ठरवून आलो होतो. तुम्ही सायकल पलंगाखालून काढलीत, तिच्यावरची चादर घडी करून ठेवलीत आणि पदरानेच तिची घंटी पुसलीत. मग सांगितलंत. पारशी बाईंकडे तुम्ही स्वयंपाकाला होतात, त्यांची मुलं मोठी झाल्यावर त्यांनी ती तुमच्या जयवंतला दिली. तो गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचा आणि शेजारच्या सोनूबाईंचं वाळवण तुडवायचा. मग एका पावसाळ्यात टायफॉइड झाला आणि तो गेला. त्याच्या तिथीला तुम्ही दरवर्षी सायकलला तेल देऊन आणता.

मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो. अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात, विचारतात. माझ्या मात्र मनात आलं की आता मागणं बरं दिसणार नाही, आणि त्याच्याच पाठोपाठ, पण दुसरीकडे मिळणारही नाही. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "न्या हो तुम्ही. हयसर पडून काय करतला ता?" पैशाचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात. दारात उभ्या असलेल्या सोनूबाईही म्हणाल्या, "पोराच्या चाकावर पोर बसूक होयी, साहेब."

तुम्ही एकच मागितलंत, की चाक फिरताना एकदा बघू द्या. हे काय मागणं झालं? दसऱ्याला सकाळी आमच्याकडे यायचं, तुमच्या यजमानांना, दत्तारामभाऊंना, ड्यूटीवरून सुट्टी मिळाली तर त्यांनाही घेऊन. माणिक तुमच्यासमोर पहिली फेरी मारेल. हा माझा शब्द.

घरी सगळ्यांना फार आनंद झाला. चाक कुठून आणलं ते नीट सांगायचं राहिलंय, काल घाईच होती. आज सांगतो.

नंदकिशोर


२२ सप्टेंबर १९८५

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, गणपतीत वेळ झाला नाही.

चाक बसलं! मी उगाच घाबरत होतो. तुमच्या दादूकडून चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढून आणला, छर्रे नवे घातले, आणि गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत सायकल उलटी ठेवून हाताने पेडल मारलं. चाक असं फिरलं की माणिक टाळ्या पिटत राहिली. रंगाचं मात्र विचारू नका. हिरवा मागितला, दुकानदाराने दिला तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा. मृणालिनी, म्हणजे आमची बायको, म्हणते की आता सायकलला इंजेक्शन द्यायचं तेवढं बाकी आहे. पुन्हा घासून लाल दिला. नखांत अजून रंग आहे आणि काल बँकेत एका खातेदाराने मला डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला.

तुम्ही विचारलंत की जयवंतचं चाक म्हणून सांगितल्यावर घरचे काय म्हणाले. घरी सगळे तुमची आठवण काढतात. आई तर नेहमी.

आई म्हणजे माझी आई, तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती आमच्याकडेच असते, सत्तरी उलटली आहे, तब्येत ठणठणीत. माणिक आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर झाली, त्यामुळे आईचा तिच्यावर फारच जीव. कोणी शिंकलं तरी ती पोरीला खाली बसवते. तुम्ही भेटाल तेव्हा कळेलच.

बाकी सर्व ठीक.

नंदकिशोर


९ ऑक्टोबर १९८५

सुगंधाताईंना नमस्कार.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं, तेव्हा आता जसं येईल तसं पाठवतो.

दसऱ्याला तुम्ही यायचं आहे हे नक्कीच. त्यात बदल नाही. फक्त एक लहानशी विनंती आहे, गैरसमज करून घेऊ नये.

आमच्या घरात एक जुनी पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. बाळाला पहिलं नवं कोरं घालत नाहीत, जुनं घालतात. माणिकची पहिली झबली आईने आमच्या पणजीच्या लुगड्यातून शिवली, कारण पणजी नव्वदीपर्यंत जगली. आईचं म्हणणं, वापरलेल्या वस्तूबरोबर वापरणाऱ्याचं आयुष्य येतं. म्हणून कुणाकडून जुनं काही आलं की ती आधी विचारते, कुणाचं? चाकाचंही विचारलं. मी घाईत म्हणालो, बँकेतल्या एकाच्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांच्या पुतण्याच्या सायकलचं. तो आता मोठा झाला, दुबईला असतो.

तोंडातून निघून गेलं. त्यात सध्या पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत असला विषय काढायची सोय नाही. खरं सांगितलं तर आई चाक घरात ठेवू देणार नाही आणि माणिकचं मन मोडेल. ती रोज शाळेतून आल्यावर आधी सायकलपाशी जाते.

तर आईने विचारलंच, तर तुम्ही एवढंच म्हणावं, पुतण्याची सायकल, तो दुबईला असतो. ती फार विचारणार नाही. तुम्ही समजूतदार आहात म्हणून लिहायचं धाडस केलं. मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

गल्लीत शिरल्यावर गिरणीसमोरची दुसरी इमारत, पहिला मजला.

आपला,
नंदकिशोर


२७ ऑक्टोबर १९८५

सुगंधाताई,

तुम्ही आलात, फार बरं वाटलं. तुमचं "बरं. येते." एवढंच लिहिलेलं कार्ड आलं होतं तेव्हा जरा धाकधूक होती, पण सगळं छान पार पडलं. दत्तारामभाऊंना सुट्टी मिळाली नाही, ते राहूनच गेलं.

आई तुमच्यावर खूश आहे. तुम्ही चाकाला घातलेली झेंडूची माळ तिने अजून काढू दिलेली नाही. सुकली तरी चेनमध्ये अडकतेय आणि माणिक तशीच चालवतेय.

'माझ्या मुलाची सायकल' असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी दचकलो, कारण आपलं ठरलं होतं ते पुतण्याचं. पण लगेच "दुबईला असतो" म्हणालात आणि मी सुटलो. आई एवढे प्रश्न विचारील असं मला खरंच वाटलं नव्हतं. पत्र येतं का, जेवणाचं काय करतो, तिथे मासे मिळतात का. तुम्ही म्हणालात, मिळतात, पण त्याला आपल्यासारखं तिरफळ घातलेलं लागतं, म्हणून मी पाठवते. लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणालात, मुली बघतोय, पण त्याला घाई नाही. तुम्ही इतक्या सहज बोलत होतात की क्षणभर मलाही खरं वाटलं. त्यानंतर मी पाणी आणायला आत गेलो, तुम्हाला आठवत असेल. पाणी कुणीच मागितलं नव्हतं.

बाहेर आलो तर आईने तुमची ओटी भरायला घेतलेली. सवाष्ण, कर्त्या मुलाची आई, दसऱ्याच्या दिवशी घरी आलेली, ती कशी सोडेल? माणिकला तुमच्या पाया पडायला लावून ती म्हणाली, "हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा, माझ्या मुलासारखी मोठी हो. त्याचं आयुष्य हिला लागू दे."

तुम्ही हात मागे घेतलात. म्हणालात, "नको आई. माझ्या मुलासारखी नको. तुमच्याएवढी होऊ दे. तुमच्याएवढं आयुष्य मिळू दे तिला." आणि मग डोक्यावर हात ठेवलात.

आई अजून सगळ्यांना सांगते, बाई किती नम्र, एवढा मुलगा परदेशात पण गर्व नाही. मी मान हलवतो.

माणिकने खाली फेऱ्या मारल्या तेव्हा तुम्ही चाकाकडे बघत होतात की माणिककडे, ते मला कळलं नाही. मी दुसरीकडे बघत होतो. स्टेशनपर्यंत सोडायला येतो म्हणालो तर तुम्ही नको म्हणालात.

पोचल्याचं कळवा.

नंदकिशोर


७ नोव्हेंबर १९८५

सुगंधाताई,

पत्र नाही. तब्येत बरी आहे ना?

दिवाळी आली. आईने तुमच्यासाठी फराळ काढून ठेवलाय, आणि वेगळा डबा तुमच्या मुलाला पाठवायला. चिवडा तिथपर्यंत टिकेल का, असं मला विचारत होती. मी म्हणालो, टिकेल.

हे कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहितो, आणि तुम्हालाच लिहायला नको हेही कळतं.

नंदकिशोर


१७ नोव्हेंबर १९८५

सुगंधाताई,

तुमचं कार्ड भाऊबिजेला आलं. मी ते पाठ होईपर्यंत वाचलंय, तरी पुन्हा इथे लिहितो, म्हणजे मी ते वाचून खिशात घातलं नाही हे तुम्हाला कळेल.

'मुलगी गोड आहे. सायकल चांगली केलीत. मी येताना चाळीत सांगून आले होते की जयवंताचं चाक बघायला जाते. परत आल्यावर सोनूबाय विचारते, तिकडची माणसं जयवंताबद्दल काय बोलली? मी काय सांगू? त्याच्याबद्दल बोलायला कोणीतरी मिळेल म्हणून मी चाक दिलं होतं. तुमच्याकडे तो दुबईला गेला. चाक परत द्या.'

ताई, मला लाज वाटते. याच्यापेक्षा चांगला शब्द शोधत होतो, तो नको. लाज वाटते.

मी तुम्हाला लिहिलं होतं की घरी सगळे तुमची आठवण काढतात. खोटं होतं. दसऱ्यापर्यंत घरात तुमचं नावही कुणाला माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, असं लिहिलं, तेही खोटं. मी ते स्टेशनवरून चाक घेऊन घरी येताना रस्त्यातच ठरवलं होतं. दुबईसुद्धा. आईचं नाव मी पुढे केलं, पण खरं सांगतो, चाक माणिकच्या सायकलला लावताना माझाच हात अडखळत होता. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. मानतो. आईला निदान मानते म्हणायची लाज वाटत नाही. मी मात्र भीती माझी ठेवली आणि तिचं ओझं तुमच्या डोक्यावर दिलं. ज्या बाईचं पोर गेलं तिलाच मी पत्र लिहून सांगितलं की आमच्या घरी येताना त्याला जिवंत करून आणा, आम्हाला बरं वाटेल.

तुम्हाला पुतण्या म्हणवलं नाही. तेवढं एक खोटं तुम्हाला जमलं नाही, आणि मी त्यावरही दचकलो.

भाऊबिजेच्या दिवशीच मी घरात सांगितलं. मृणालिनी आत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाई बोलत होत्या तेव्हा तू पाणी आणायला गेलास ना रे? मी म्हटलं, याला आज कुणाची एवढी तहान लागलीय."

आईचं मला भय होतं. वाटलं, आता मीठमोहऱ्या काढील, सायकल फेकून दे म्हणेल. ती वाती वळत होती. वळतच राहिली. म्हणाली, "आधी कळलं असतं तर मी ते चाक उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं." मी म्हटलं, माहीत आहे, म्हणूनच. तर ती माझ्यावर ओरडली, "म्हणून काय? मी नको म्हटलं असतं तर ते पाप माझं होतं. तू कोण ते तिच्याकडून फेडून घेणारा? आणि मी तिला काय म्हणायला लावत होते, नंदू? तिने हात मागे घेतला म्हणून निभावलं. तिच्या जागी दुसऱ्या कुणी घेतला असता?" मग ती रडली. वडील गेले त्यानंतर आजवर रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

आज सकाळी चाक काढलं. माणिक म्हणाली, परत का द्यायचं? मी म्हटलं, ते जयवंतदादाचं आहे. तो लहानपणीच वारला, आणि त्याच्या आईला ते हवं आहे. ती मला नटबोल्ट धरायला मदत करत बसली. तिची सायकल गॅलरीत एका चाकावर टेकवून ठेवलीय. शेजाऱ्यांनी विचारलं, बिघडली का? मी खरं काय ते सांगितलं. तोंड उघडेपर्यंत जड गेलं, नंतर नाही.

येत्या रविवारी चाक आणि चक्र घेऊन येतो. तुमच्या दाराशी ठेवून पळणार नाही. तुम्ही दार उघडलं नाहीत तर परत नेईन आणि पुन्हा येईन. सोनूबाई असतील, बाकीचे असतील, त्यांना मी स्वतः सांगेन की तुम्ही आमच्याकडे जयवंतबद्दल का बोलू शकला नाहीत. ते तुम्ही सांगायचं नाही. ते माझं आहे.

आई बरोबर येते म्हणते. मी म्हटलं, तू कशाला, जिने चढवणार नाहीत. तिने ऐकलं नाही. तुमची हरकत असेल तर तसं कळवा, मी तिला थांबवीन. फराळाचा दुसरा डबा तिने स्वतःच्या हाताने रिकामा केला.

काल संध्याकाळी तिने मला विचारलं, "तिचा मुलगा असता तर आज केवढा असता रे?"

मी तुमच्या घरी बसून चहा प्यालो, त्याचं चाक मागून आणलं, त्याला दुबईला नोकरी लावली, तुमच्याकडून त्याच्यासाठी मुली बघवल्या. पण तो गेला तेव्हा किती वर्षांचा होता, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं.

नंदकिशोर